काकतीची टाकी

रस्ता नसलेल्या जागी चालवण्यासाठी मुद्दाम बदलून घेतलेल्या जीपला कारखान्याने दिलेली टाकी पुरत नाही, आणि जीपला पुरली तरी मालकाला पुरत नाही. तिच्या जागी हाताने बांधून जी टाकी बसवतात तिला या धंद्यात फ्युएल सेल म्हणतात. हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या यंत्राशी तिचा काही संबंध नाही. बाहेर धातूची पेटी, पेटीत रबरी पिशवी, पिशवीत स्पंज आणि वर झाकण व नळ्या, असे तिचे चार भाग असतात. पाचवा भाग म्हणजे मालक. तो पेटीत मावत नाही, पण पेटीचे प्रत्येक माप त्याच्या स्वभावावरून ठरते.

ही टाकी बांधायला जे जे लागते ते काकतीच्या आसपास मिळते. पुणे-बंगळूर महामार्गावर बेळगावच्या उत्तरेला लागून असलेले हे गाव कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे जन्मगाव म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांचा जन्म १७७८ चा. त्या काळी डोंगरदऱ्यांतून फिरण्याचे वाहन घोडा हे होते आणि त्याचे इंधन वाटेतच उगवत असल्यामुळे टाकीचा प्रश्न उद्भवला नाही. आज महामार्गाच्या कडेला काकती आणि होनगा इथले कारखाने आहेत आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला उद्यमबाग आहे. ओतकाम, लेथ, हायड्रॉलिक्स यांवर हा पट्टा जगतो. लोखंडाला आकार देणारे इतके हात एका जागी असल्यामुळे एखादी वस्तू बाजारात मिळत नाही असे कळले तरी इथे कोणी निराश होत नाही. वर्कशॉपवाला ‘नाही’ म्हणत नाही. तो फक्त विचारतो, “ड्रॉइंग हाय काय ओ?”

मोठ्या टाकीची कारणे दोन असतात, एक सांगायचे आणि एक खरे. सांगायचे कारण शर्यत. २०१४ पासून गोव्यात ऐन पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतीय स्पर्धा होऊ लागली आणि जो चिखल टाळण्यासाठी आधीच्या पिढीने ग्रामपंचायतीत अर्ज केले त्याच चिखलात प्रवेश फी भरून उतरता येते हे नव्या पिढीला समजले. चिखलात गाडी लो गिअरला असते, इंजिन ओरडत असते आणि चाके जागच्या जागी फिरत असतात. अशा वेळी लिटरला किती किलोमीटर हा हिशोब गैरलागू ठरतो. तासाला किती लिटर, असे विचारावे लागते, आणि उत्तर ऐकून गप्प बसावे लागते.

खरे कारण भाव. काकतीहून उत्तरेला निपाणी ओलांडून कोगनोळीच्या पुढे गेले की महाराष्ट्र लागतो, पश्चिमेला चोर्ला घाट उतरला की गोवा. तीन राज्यांचे तीन कर, म्हणून तीन भाव. गोव्याने २०१२ साली पेट्रोलवरचा मूल्यवर्धित कर जवळजवळ काढूनच टाकला तेव्हा तिथले पेट्रोल लिटरला सुमारे अकरा रुपयांनी उतरले होते. कर्नाटकातले डिझेल महाराष्ट्रापेक्षा बहुधा स्वस्त असते, हे कोल्हापूरकडे निघालेल्या ट्रकवाल्याला कुणी शिकवावे लागत नाही. अशा मुलखात साठ लिटरची टाकी ही गुंतवणूक आहे असे मालक घरी सांगतो. लिटरमागे तीन रुपयांचा फरक धरला तर एका भरणीला १८० रुपये वाचतात, एवढा हिशोब तो जेवणाच्या ताटावर मांडतो. टाकीला तीस हजार खर्च धरला तर ती १६७ व्या भरणीला फिटेल, हा पुढचा भाग घरातले आप्पा हात धुता धुता काढतात.

साठ लिटर हा आकडा जीपच्या इतिहासाला धरून आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपची टाकी १५ अमेरिकन गॅलनची, म्हणजे सुमारे ५७ लिटरची होती आणि ती चालकाच्या आसनाखाली बसवलेली होती. इंधन किती उरले आहे याची चालकाला आतून जाणीव राहावी अशी ही रचना. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जीपची जुळणी सुरू केली आणि पुढच्या काही पिढ्या बी-बियाणे, वऱ्हाड, मतपेट्या आणि पुढारी यांची ने-आण याच वाहनातून झाली. टाकीच्या जागेबद्दल त्या काळात कोणी तक्रार केली नाही, कारण गाडीत मागे बसलेल्या चौदा जणांना त्याहून जवळच्या तक्रारी होत्या.

टाकी सुरक्षित असावी हा विचार शर्यतींनी शिकवला, आणि फार महागात शिकवला. १९६४ साली इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत पेट्रोलचा भडका उडून डेव्ह मॅकडोनाल्ड आणि एडी सॅक्स हे दोन चालक दगावले. त्यानंतर विमानांच्या टाक्यांचे तंत्र मोटारींकडे आले. जाड कापडावर रबराचा थर दिलेली, आदळली तर दबणारी पण न फाटणारी पिशवी पेटीत घालू लागले. १९७० पासून फॉर्म्युला वनमध्येही ती सक्तीची झाली. जागतिक मोटार महासंघाच्या एफटी-३ या प्रतीची पिशवी पाच वर्षे चालते आणि बनवणाऱ्याकडून पुन्हा तपासून घेतली तर आणखी दोन वर्षे. मुदत पिशवीवरच छापलेली असते. ही पिशवी बाहेरून मागवावी लागते. तिचा भाव ऐकल्यावर बहुतेक मालक थोडा वेळ पिशवीच्या गुणवत्तेबद्दल बोलतात आणि मग बिनपिशवीच्या पेटीची चौकशी करतात. मोठ्या स्पर्धेत उतरायचे असेल तर तपासनीस प्रमाणपत्र मागतो. बाकीच्या ठिकाणी धातूची पेटीच टाकीचे काम करते, आणि यापुढचे वर्णन मुख्यतः तिचे आहे.

या धंद्यात मापात, पैशात, मुदतीत आणि रंगात तडजोड चालते. पेट्रोलशी चालत नाही. पेट्रोल उणे चाळीस अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. ती वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्यामुळे वर न जाता जमिनीवरून सरपटत वर्कशॉपच्या कोपऱ्यात, ग्राइंडरच्या खाली किंवा चहाच्या स्टोव्हपाशी जाऊन थांबते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असेल तर ठिणगी पुरते. म्हणूनच पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून जास्त धोकादायक असते. भरलेल्या टाकीत वाफेला जागाच नसते, रिकाम्या टाकीत हवा आणि वाफ नेमक्या वाईट प्रमाणात भेटतात. जुन्या टाकीला टाका मारायला सांगितल्यावर जो मिस्त्री आधी ती धुऊन, वाफवून, पाण्याने भरून घेतो त्याला गिऱ्हाईक वेळकाढू म्हणते. जो तसाच होल्डर उचलतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाता येईलच असे नाही.

पिशवीतला किंवा पेटीतला स्पंज हा याच वाफेवरचा उपाय. हा जाळीदार फोम असतो. त्याची छिद्रे एकमेकांत उघडतात, त्यामुळे ज्वाळा पसरायला सलग पोकळी मिळत नाही आणि वळणावर पेट्रोल एका बाजूने दुसऱ्या बाजूला आदळतही नाही. स्पंजाने टाकीतली जागा खाल्ली असा आरोप मालक हटकून करतो. प्रत्यक्षात तो सुमारे तीन टक्के जागा घेतो, म्हणजे साठ लिटरला पावणेदोन-दोन लिटर. खऱ्या फोमचा भाव ऐकून काही जण घरातल्या जुन्या सोफ्याकडे वळतात. सोफ्याचा फोम पेट्रोलमध्ये काही दिवसांत पिठासारखा सुटतो आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतो. मग गाडी तिलारीच्या जंगलात बंद पडते आणि सोफाही परत मिळत नाही.

माप काढण्याचे गणित सोपे आहे. ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि २५ उंच पेटीत बरोबर साठ हजार घन सेंटिमीटर, म्हणजे साठ लिटर मावतात. अवघड गोष्ट एवढीच की जीपखाली एवढी चौकोनी जागा कुठेच नसते. एका बाजूला सायलेन्सर, मध्ये प्रॉपेलर शाफ्ट, मागे ॲक्सल, आणि तो ॲक्सल गाडी उभी असताना असतो तिथे खड्ड्यात राहत नाही, चांगला वीतभर वर येतो. म्हणून आधी पुठ्ठ्याची टाकी करतात. फ्रिजचे खोके कापून, चिकटपट्टी लावून, गाडीखाली उताणे झोपून ती बसवून पाहायची असते. भरणीच्या तोंडाचे भोक चहाची बशी पालथी ठेवून आखतात, त्यामुळे पुठ्ठ्यावर एक ओला गोलही उमटतो आणि पुढे नेमके कुठले वर्तुळ कापायचे यावर मतभेद होतात. खोक्यावर छापलेला ‘ही बाजू वर’चा बाण पुठ्ठा कापताना जिकडे जाईल तिकडे जातो. तो खाली आलेला असला की मदतीला आलेले मित्र टाकी उलटी धरतात. संपूर्ण कामात चूक फुकटात करता येईल अशी ही एकच पायरी आहे, आणि नेमकी हीच घाईत उरकली जाते.

मित्रांचे म्हणणे या पायरीवर ऐकू नये. प्रत्येक मित्र आपल्या स्वभावाप्रमाणे पाच लिटर वाढवतो.

पेटी कशाची, हा पुढचा प्रश्न. वरच्या मापाच्या पेटीला सुमारे एक चौरस मीटर पत्रा लागतो. १.६ मिलिमीटरचा पोलादी पत्रा घेतला तर पेटी सव्वाबारा किलोची होते, तीन मिलिमीटरचे ॲल्युमिनियम घेतले तर आठ किलोची. चार किलो वाचवण्यासाठी मालक दुप्पट पैसे मोजायला तयार असतो. हेच चार किलो स्वतःच्या पोटावरून कमी करावेत असे सुचवणाऱ्याला या चर्चेत बसू देत नाहीत.

ॲल्युमिनियमचे काकतीशी शेजारपण आहे. बेळगाव आणि काकती यांच्यामध्ये यमनापूरला हिंदाल्कोचा, पूर्वीच्या इंडालचा, ॲल्युमिना कारखाना आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सह्याद्रीच्या माथ्यावरचे बॉक्साइट वर्षानुवर्षे ट्रकांतून इथे येत राहिले. महाराष्ट्राचा दगड कर्नाटकात येऊन पांढरा होतो, आणि एवढ्या वर्षांत या एका देवघेवीवरून कोणी रास्ता रोको केल्याचे ऐकिवात नाही. पण कारखान्यातून निघते ती पूड. तिचा धातू करायला किलोमागे साधारण १४ युनिट वीज जाळणाऱ्या भट्ट्या लागतात आणि त्या दुसऱ्या राज्यांत आहेत. त्यामुळे कच्चा माल घरासमोरून जातो आणि पत्रा मात्र लांबून, व्यापाऱ्याच्या गोदामातून, धूळ खाऊन येतो.

पत्रा घेताना प्रत विचारावी. ५०५२ या प्रतीचा पत्रा दुमडतो आणि वेल्डही चांगला होतो. ६०६१-टी६ जास्त ताकदीचा असतो, पण काटकोनात दुमडायला गेले की घडीवर तडकतो. दुकानात मात्र ‘भारीतला’ आणि ‘साधा’ अशा दोनच प्रती असतात, आणि भारीतला म्हणून जो मिळतो तो बहुधा तडकणारा निघतो.

इथेनॉलचाही विचार करावा लागतो. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, म्हणजे साठ लिटरच्या टाकीत बारा लिटर. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. ते पाणी तळाशी साचले की ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पडतात आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात. म्हणून तळाला पाणी काढायचा बोल्ट ठेवावा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात. हे इथेनॉल मोठ्या प्रमाणात उसापासून होते आणि बेळगाव जिल्हा उसाचा. उसाचे बिल टाकीत गेले, असे आप्पा म्हणतात ते दोन्ही अर्थांनी खरे असते.

कापणी हल्ली लेसरवर होते. उद्यमबागेत संगणकावरचे ड्रॉइंग दिले की केसाइतक्या अचूकपणे पत्रा कापून मिळतो. ड्रॉइंगात चूक असेल तर तीही तितक्याच अचूकपणे मिळते. नेहमीची चूक घडीची. पत्रा दुमडताना बाहेरची बाजू ताणली जाते, त्यामुळे घडीमागे थोडे माप कमी धरायचे असते. ते न धरल्यास पेटी दोन-तीन मिलिमीटर मोठी होते आणि चॅसीच्या दोन बीमांमध्ये अगदी न बसण्याइतकी चपखल येते. दुसरी चूक क्रमाची. चार बाजू एकाच पत्र्यातून दुमडायच्या ठरवल्या तर चौथी घडी मारताना पेटी प्रेसच्या वरच्या पात्याभोवतीच मिटते. मग ती काढायला मशीन उघडायचे की पेटी कापायची, यावर वर्कशॉपचा मालक आणि टाकीचा मालक यांच्यात चर्चा होते. ती वर्कशॉपचा मालक जिंकतो.

वेल्डिंग हा या कामाचा गाभा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्यावर आपोआप साचलेला ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांच्याही पुढे. म्हणजे आतला धातू पाणी झाला तरी वरची साय शाबूत. म्हणून पत्रा ॲसिटोनने पुसून, स्टेनलेस ब्रशने घासून, एसी करंटवर आर्गॉन वायूच्या छायेत टिग वेल्डिंग करतात. आर्गॉन वितळलेल्या धातूला हवेपासून झाकतो. हे पांघरूण उडू नये म्हणून मिस्त्री आधी पंखा बंद करतो, मग दार लोटतो आणि मग बघ्यांना मागे सरकायला सांगतो. बघे मागे सरकतात ते पंख्याच्या बटणापर्यंत. एप्रिलच्या दुपारी ते बटण कोणीतरी दाबतेच, आणि चांदीच्या नाण्यांच्या चळतीसारखी चाललेली शिवण त्या ठिकाणी काळी, फसफसलेली दिसते. पुढे कधी टाकी गळलीच तर नेमकी तिथे गळते.

चांगला मिस्त्री सलग शिवत नाही. आधी चारी कडांना टाके मारतो, मग समोरासमोरच्या बाजू थोड्या थोड्या भरत जातो, नाहीतर उष्णतेने पत्रा पीळ खातो. या पद्धतीला वेळ लागतो. वेळ किती लागेल या प्रश्नाला बेळगावात एकच उत्तर आहे, “सांच्याला या की.” कुठल्या संध्याकाळी, हे विचारण्याची पद्धत नाही.

झाकण लावण्याआधी आत आडभिंती बसवतात. साठ लिटर पेट्रोलचे वजन ४५ किलोच्या घरात जाते आणि वळणावर ते सगळे एका बाजूला धावते. भोके पाडलेल्या आडभिंती त्याला हळूहळू जाऊ देतात. तळाच्या कोपऱ्यात खाच ठेवावी लागते, ती विसरली की टाकीचे तीन स्वतंत्र हौद होतात आणि पंप असतो त्या हौदातलेच पेट्रोल वापरता येते.

चढावरचे गणित त्याहून कडक आहे. तीस अंशांच्या चढावर ६० सेंटिमीटर लांबीच्या टाकीची पुढची कड मागच्या कडेपेक्षा तीस सेंटिमीटर उंच जाते. टाकीची उंचीच २५. म्हणजे टाकी पाव भरलेली असेल तर सारे पेट्रोल मागच्या भिंतीशी जमते, आणि पंप पुढे बसवला असेल तर तो हवा ओढतो. काट्यावर पंधरा लिटर दिसत असताना गाडी चढाच्या मध्यावर बंद पडते. यावर उपाय म्हणजे तळाला खोलगट वाटी, आणि वरून एक-दोन लिटरची छोटी जोडटाकी, जी पंपापाशी कायम भरलेली राहते. हा उपाय सर्वांना माहीत असतो. तो बसवला जातो पहिल्या चढानंतर.

मग गळती तपासायची. टाकीची सर्व तोंडे बंद करून आत थोडी हवा भरायची आणि शिवणींवर साबणाचे पाणी लावायचे. बुडबुडा आला तिथे खूण. ‘थोडी’ या शब्दावर सगळी भिस्त आहे. चौरस सेंटिमीटरला ०.२ किलो एवढा दाब पुरतो. एवढ्यानेही ६० बाय ४० च्या झाकणावर ४८० किलोचा जोर येतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने टायरला भरतात तशी दोन किलो हवा भरली तर तोच जोर ४,८०० किलो होतो आणि मोठ्या कष्टाने चौकोनी केलेली टाकी पुरीसारखी टम्म फुगते, नशीब चांगले असेल तर न फुटता. फुगलेली टाकी परत चौकोनी होत नाही. तिच्यात लिटर मात्र जास्त मावतात, असे सांगून मालकाची समजूत घालतात.

पूर्ण टाकी कधी काठोकाठ भरत नाहीत. पेट्रोल तापले की फुगते. वीस अंशांनी तापमान वाढले तर साठ लिटरचे एकसष्ट लिटरांहून थोडे जास्त होते. पहाटे थंडीत तोंडापर्यंत भरून दुपारी उन्हात लावलेल्या गाडीखाली जो ओला डाग पडतो तो गळतीचा नसून हावेचा असतो. वरची पाच-दहा टक्के जागा मोकळी राहावी म्हणून भरणीची नळी मुद्दाम थोडी आत उतरवतात. पंपावरचा पोऱ्या ऑटो कट झाल्यावर राऊंड फिगर करण्यासाठी आणखी एकदा दाबतो, आणि तिथे अभियांत्रिकी संपते.

हवेची नळी लहान असते पण तिच्यावाचून भागत नाही. पेट्रोल बाहेर गेले तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकी आतून ओढली जाऊन पंप थकतो. झाकणाला खिळ्याने भोक पाडणे हा प्रचलित उपाय. गाडी सरळ असेपर्यंत तो चालतो. पण हे वाहन उलटण्याची शक्यता गृहीत धरूनच बांधलेले असते, आणि उलट्या गाडीत त्या भोकातून येणारे पेट्रोल थेट तापलेल्या सायलेन्सरचा पत्ता शोधते. म्हणून गाडी कलंडताच बंद होणारा व्हॉल्व्ह बसवायचा. त्याची किंमत साध्या टायरच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही. तरी बजेट आवळताना पहिली काट त्याच्यावर बसते, कारण टायर लोकांना दिसतात.

काटा जोडताना टाकीतला सेन्सर आणि डॅशबोर्डावरचा काटा एकाच जातीचे आहेत का ते पाहावे. काही सेन्सर रिकाम्या टाकीला २४० ओहम दाखवतात आणि भरलेल्या टाकीला ३३. दुसऱ्या जातीचे रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. दोन्हींचा आंतरजातीय विवाह लावला तर टाकी रिकामी होत जाते तसा काटा भरल्याकडे सरकतो. अशा गाडीचा मालक सुरुवातीला मायलेजवर फार खूश असतो.

टाकी बसवताना ती चॅसीला नुसती घट्ट आवळत नाहीत. खाली रबराची पट्टी, वरून दोन पट्टे आणि चांगल्या प्रतीचे बोल्ट. भरलेली टाकी साठेक किलोची धरली तर खड्ड्यातल्या पाचपट हिसक्याला बोल्टांवर तीनशे किलो येतात. पेटीतून चॅसीला अर्थिंगची तार द्यावी, म्हणजे भरताना स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. टाकी आणि माणसे यांच्यामध्ये पत्र्याची सलग भिंत हवी. या भिंतीपासून पत्र्याचे काम सुरू होते.

बॉडीचे काम स्वतंत्र हौस म्हणून कोणी काढत नाही. टाकी बसत नाही म्हणून मागचा फ्लोअर कापावा लागतो, फ्लोअर उचलला की मागची सीट वर जाते, सीट वर गेली की डोके छपराला लागते, आणि छप्पर काढले की पावसाळा आत येतो. शिवाय मोठे टायर वळणावर मडगार्डला घासतात, म्हणून मडगार्ड कापायचे. एका टाकीपायी अशी अर्धी जीप नवीन होते.

यासाठी एक ते सव्वा मिलिमीटरचा सीआरसी पत्रा वापरतात. जस्ताचा पत्रा गंजत नाही म्हणून काही जण तो आणतात, पण त्याला वेल्ड मारताना जो पांढरा धूर निघतो तो छातीत गेला की मिस्त्रीला रात्री हुडहुडी भरून ताप येतो. सपाट पत्र्याचा मोठा तुकडा कितीही चांगला लावला तरी खडबडीत वाटेवर डबडब वाजतो. त्यावर लांबट वळ्या पाडल्या की तोच पत्रा ताठ होतो. कारखान्याच्या जीपच्या तळाला आणि वीस लिटरच्या जेरीकॅनच्या पोटावर पन्हळी असतात त्या शोभेसाठी नव्हेत. १९३७ साली जर्मनांनी केलेल्या या कॅनची नक्कल पुढे शत्रुसैन्यानेही केली, ती या पन्हळी आणि तीन मुठी यांसकट.

कडा घासून बोथट कराव्यात. वर्कशॉपमध्ये सर्वांत जास्त रक्त पडते ते पत्र्याच्या न घासलेल्या कडेने, आणि ते नेहमी “नीट धर” असे सांगणाऱ्याचे पडते. जे भाग चिखलात तुटणार हे ठरलेले आहे ते वेल्ड न करता बोल्टावर ठेवतात. उरलेल्या उणिवा लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरतात. लांबी फार जाड झाली की पहिल्याच दणक्याला ती ढलपीसारखी सुटते आणि खालची मूळ कारागिरी सर्वांना दिसते.

रंगाच्या बाबतीत दहापैकी नऊ मालकांना लष्करी हिरवा हवा असतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या बेळगावात ही इच्छा समजण्यासारखी आहे. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना लावता येतो. त्यामुळे रंगाऱ्याला ‘ऑलिव्ह नको, पण ऑलिव्हसारखा दे’ अशी सूचना मिळते आणि गाडी शेवाळी, मेंदी किंवा कोथिंबिरी यांपैकी काहीतरी होऊन बाहेर येते. स्टिकर मराठीत की कन्नडात, हा प्रश्न इथे जपून सोडवतात. पुढे एक आणि मागे एक हा रूढ तोडगा आहे. पत्रा दोन्ही भाषांत सारखाच वाजतो.

शेवटी कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. समोरचा लोखंडी बुलबारही याच कलमात अडकतो. टाकी, फ्लोअर, मडगार्ड, बुलबार, छप्पर असे मोजत गेले की दंडाची बेरीज टाकीच्या खर्चाच्या जवळ पोचते. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून केलेली छोटी जीप २०२१ च्या अखेरीस देशभर गाजली. ती नियमांत बसत नाही आणि कधी ना कधी अडवली जाईल हे ओळखून आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती त्या घरी पोचली. तेव्हापासून आपलीही गाडी कोणीतरी बदलून नेईल या आशेवर बरेच वेल्डिंग झाले आहे.

कायदेशीर मार्ग एकच. अशी गाडी खासगी जमिनीवर किंवा परवानगी काढलेल्या स्पर्धेत चालवायची आणि तिथपर्यंत दुसऱ्या गाडीवर चढवून न्यायची. म्हणजे केए-२२ पासिंगच्या एका डिझेल ट्रकवर साठ लिटरची टाकी असलेली जीप बांधून चोर्ला घाट उतरायचा. वाटेत इंधन भरावे लागते ते ट्रकला.

देखभाल फारशी नाही. दर पावसाळ्यानंतर तळाचा बोल्ट उघडून पाणी काढावे, पट्ट्यांचे बोल्ट आवळावेत, नळ्या चेपून पाहाव्यात. फोम बोटांनी चुरगळू लागला की बदलावा. पिशवी असेल तर तिच्यावरची तारीख वाचावी आणि उलटली असेल तर तिला आणखी एक हंगाम मागू नये. पिशवी किंवा फोम बदलण्यासाठी टाकी खाली उतरवावी लागते. ती उतरवली की रिकामी जागा दिसते, मोजपट्टी लावली जाते, आणि आता सत्तर लिटर बसतील असे मालकाच्या लक्षात येते.